वाचणाऱ्या मुलाचे मत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या उमटल्या असतील. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून परीक्षा, शिष्यवृत्त्या, पुढील अभ्यासक्रम यांविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. आणि मी तर उडणाऱ्या, भिंती चढणाऱ्या, मुखवटे घालणाऱ्या वीरांच्या कॉमिक्सविषयी बोलायला उभा आहे. पण माझा खरा विषय ते वीर नाहीत. त्यांच्या कथा वाचणारे मूल हा माझा विषय आहे. नवा अंक हाती आला, मुलाने तो वाचला आणि त्याचे काही मत झाले. त्या मताला किंमत आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे, की किंमत आहे. पण दोन अटींवर. मत वाचून दिलेले असावे आणि त्याच्या पाठीशी कारण असावे. या अटी मुलांना जितक्या लागू आहेत, तितक्याच वडीलमंडळींनाही आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

या बाबतीत एका प्रगत देशात मोठी माणसे कशी वागली ते पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॉमिक्सचा खप प्रचंड होता. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी १९४८ पासून लेख लिहून सांगावयास सुरुवात केली, की मुले बिघडतात ती या पुस्तकांमुळे. डॉक्टर वाईट मनुष्य नव्हते. हार्लेम या गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्यांनी १९४६ मध्ये नाममात्र शुल्कात उपचार करणारे केंद्र चालू केले होते. पण त्यांच्या सांगण्याने वातावरण तापले. काही गावांत तर मुलांकडून कॉमिक्स गोळा करून त्यांच्या होळ्या करण्यात आल्या.

त्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, वॉशिंग्टनच्या एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने डॉक्टरांना छापील उत्तर दिले. त्याच्याजवळ ५,२१२ कॉमिक्स होती. ज्या साप्ताहिकात डॉक्टरांचा लेख आला होता, त्याच साप्ताहिकात त्याचे पत्र आले. त्याच्या युक्तिवादाचा सारांश असा: आदमच्या एका मुलाने दुसऱ्याचा खून केला तेव्हा जगात कॉमिक्स नव्हती. काबील आणि हाबील यांची हकीकत आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे, म्हणून या मुलाच्या मुद्द्यातील धार आपल्याला लगेच कळेल. त्याचे सगळेच म्हणणे बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण त्याने वाचले होते आणि तो कारण देत होता.

त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. १९५४ मध्ये डॉक्टरांचे पुस्तक आले, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर एक कडक नियमावली लादून घेतली. पुढे पुष्कळ वर्षांनी डॉक्टरांची कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली झाली. इलिनॉय विद्यापीठातील संशोधिका कॅरोल टिली यांनी ती तपासली आणि २०१२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांनी सांगितले होते एक आणि पुस्तकात उतरले होते दुसरे, असे त्यांना अनेक ठिकाणी आढळले. कोठे वाक्ये गाळली होती, कोठे दोन मुलांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले होते. पालकहो, मुलाला विचारलेच नाही तर निदान ते आपले अज्ञान ठरते. विचारून त्याचे उत्तर आपल्या सोयीने बदलले, तर तो अन्याय होतो. घरातसुद्धा हे घडते. मूल म्हणते, ‘यातल्या मुलाला एकही मित्र नाही, म्हणून मला तो आवडतो,’ आणि आपण ऐकतो, ‘याला मारामारी आवडते.’

आता दुसरी बाजू पाहू. ज्यांनी वाचकाच्या मताचा मान ठेवला, त्यांना काय मिळाले? १९६० च्या सुमारास अमेरिकेतील डीसी या प्रकाशनसंस्थेचे संपादक ज्युलियस श्वार्त्झ यांनी वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापावयास सुरुवात केली. गावोगावचे वाचक त्यामुळे एकमेकांना पत्रे लिहू लागले आणि स्वतःची छोटी नियतकालिके काढू लागले. दुसरी संस्था मार्व्हल. तिचे संपादक स्टॅन ली यांनी एक गमतीची प्रथा पाडली. कथेतील चूक दाखवून देणाऱ्या वाचकाला ते बक्षीस पाठवीत. बक्षीस म्हणजे टपालाने आलेला एक पाकीट; आणि आत काहीही नसे! तरीही मुले त्या रिकाम्या पाकिटासाठी धडपडत. पुढे तर नुसती चूक दाखवून भागेना. ती चूक नसून तसे का घडले असेल, याचा पटण्याजोगा खुलासाही वाचकाला करावा लागे. विद्यार्थिमित्रहो, दोष काढणे ही मत देण्याची पहिली पायरी झाली. त्या दोषाचा विचार करून काही सुचविणे ही दुसरी पायरी, आणि ती चढणारे थोडे असतात.

पिट्सबर्गचा जिम शूटर हा असाच एक मुलगा. बारा वर्षांचा असताना तो इस्पितळात पडून होता. तेथे दोन्ही संस्थांची कॉमिक्स त्याने वाचली. एका संस्थेची त्याला जास्त आवडली. पण ‘आवडली’ म्हणून तो थांबला नाही. का आवडली याचा त्याने सुमारे वर्षभर अभ्यास केला आणि मग स्वतः कथा लिहून, चित्रांची मांडणी करून ज्या संस्थेची कॉमिक्स त्याला कमी आवडली होती तिच्याकडेच पाठविल्या. घरची परिस्थिती बेताची होती, पैशाची गरज होती. १९६६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याची कथा छापून आली. पुढे १९७८ मध्ये तो मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. ‘का?’ या एका प्रश्नाचे हे फळ होते.

मत आणि कौल यांत फरक आहे, हेही सांगावयास हवे. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या कथेत त्याचा साथीदार रॉबिन स्फोटात सापडला. तो जगावा की मरावा, हे प्रकाशकांनी वाचकांवर सोपविले. दोन दूरध्वनी क्रमांक दिले, मुदत छत्तीस तासांची, प्रत्येक फोनला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३ फोन आले आणि जगावा म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ फोनांनी एका मुलाचा कथेत मृत्यू झाला. एकाच माणसाने यंत्र लावून पुन्हा पुन्हा फोन केल्याचे आपल्या कानावर आले, असे संपादक डेनिस ओनील यांनी पुढे सांगितले. फोन करणाऱ्या कोणालाही ‘का?’ असे विचारलेले नव्हते. आज मोबाइलवर अंगठा टेकला की पसंती नोंदली जाते. तो कौल आहे. हजार कौल एकत्र केले तरी त्यांतून एक विचार तयार होत नाही.

आता आपल्या घरी येऊ. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि ती मराठीतही निघत. त्यांतला वेताळ येथल्या कितीतरी आजोबांनी उशीखाली ठेवून वाचला असेल. गोष्टी रंगतदार होत्या यात शंका नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याने विचारले असते, ‘त्या आफ्रिकी जंगलातल्या लोकांना चारशे वर्षे एकाच गोऱ्या घराण्याने का सांभाळावे लागते? त्यांच्यातला कोणी वीर का होत नाही?’ तर हा प्रश्न म्हणजे उत्तम अभिप्राय झाला असता. गोष्ट आवडते आणि तरीही तिच्यातले काही खटकते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता येणे यालाच मी वाचन म्हणतो.

१९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये बहादूर हा भारतीय नायक आला. त्याचे जनक आबिद सुरती. गुजरातेत जन्मलेले आणि मुंबईच्या डोंगरी भागात वाढलेले हे लेखक-चित्रकार. बहादूर हा डाकूचा मुलगा. अंगात कुडता, खाली जीन्स. अलौकिक शक्ती एकही नाही. गावकऱ्यांना संघटित करून तो नागरिक सुरक्षा दल उभे करतो. या सुरतींनी २००७ मध्ये मीरा रोड भागात एक काम हाती घेतले. रविवारी एक नळ दुरुस्त करणारा कारागीर बरोबर घ्यावयाचा, घरोघर जावयाचे आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यावयाचे. वीर कोणाला म्हणावे, याविषयी मुलांशी बोलताना हे उदाहरण जरूर सांगा.

शेवटचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. फेब्रुवारी २०१४ मध्ये मार्व्हलने ‘मिस मार्व्हल’चा नवा पहिला अंक काढला. नायिका कमाला खान ही सोळा वर्षांची, जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानातून तेथे गेलेल्या मुस्लिम कुटुंबातली शाळकरी मुलगी. संपादिका सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. टीका दोन्ही बाजूंनी होईल, हे संपादिकेने आधीच बोलून दाखविले होते. काहींना मुस्लिम नायिकाच नको असेल आणि काही मुस्लिमांना ती आपल्या मनातल्यासारखी नाही म्हणून आवडणार नाही.

या कथेवर आक्षेप घेता येतात. मुलगी वडिलांची परवानगी नसताना रात्री खिडकीतून बाहेर पडते. तिचा धार्मिक भाऊ काही ठिकाणी चेष्टेचा विषय होतो. पालकांना हे खटकले तर त्यांना तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण पाने उलटून पुढे जावे. शक्ती मिळताच ही मुलगी आधी आपल्या आवडत्या सोनेरी केसांच्या नायिकेचे रूप घेते. मग तिला कळते की ते रूप तिला सुखाचे नाही. पोशाख काचतो, केस तोंडावर येतात. तिला हिणवणारी एक मुलगी पाण्यात पडते, तेव्हा एक जीव वाचविण्याचे मोल सांगणारी, वडिलांकडून ऐकलेली आयत तिला आठवते आणि ती तिला बाहेर काढते. पोहण्यासाठी घेतलेल्या अंगभर कपड्यांतूनच ती आपला पोशाख बेतते. पुढे मशिदीतील शेखसाहेब तिला दरडावतील असे आपल्याला वाटते. पण ते तिला सांगतात की लोकांना मदत करावयाचीच असेल, तर धैर्याने आणि प्रामाणिकपणे कर आणि योग्य गुरू शोध.

आता सांगा, ‘मुस्लिम नायिका आहे, म्हणून छान’ हे मत झाले काय? किंवा ‘रात्री घराबाहेर पडते, म्हणून वाईट’ हे? दोन्ही जण मुखपृष्ठाच्या फार पुढे गेलेले नाहीत. या मालिकेच्या पहिल्या पुस्तकाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. तरी पुरस्कार मिळाला म्हणून आपल्याला ते आवडलेच पाहिजे असे नाही. आपले कारण आपल्याजवळ असावे.

कराचीत जन्मलेली आणि कॅनडात वाढलेली इमान वेल्लानी ही शाळकरी मुलगी या अंकांची अशीच निष्ठावान वाचक होती. तिने कमालाचा पोशाखही घालून पाहिला होता. २०२२ मध्ये याच कथेच्या दूरचित्रवाणी मालिकेत तिने कमालाची भूमिका केली आणि २०२३ मध्ये कमालाच्या नव्या अंकांची ती सहलेखिका झाली. आपल्याविषयीच्या कथा कोणीतरी लिहिणारच आहे. आपल्या मुलामुलींना नीट वाचता आणि नीट बोलता आले, तर त्या लिहिणाऱ्यांत तीही असतील. नाहीतर दुसऱ्याने काढलेले आपले चित्र पाहून हळहळत बसणे एवढेच हाती राहील.

विद्यार्थिमित्रहो, नवा अंक वाचून झाला की स्वतःला चार प्रश्न विचारा. नायकाने आपली शक्ती कोणासाठी वापरली? ज्याच्यावर संकट आले, त्याला कथेत बोलू दिले आहे काय? शब्दांनी न सांगितलेले असे चित्रांनी काय सांगितले? आणि मला नेमके कोठे खटकले? उत्तरे पाच ओळींत लिहा. शाळेच्या ग्रंथालयात यासाठी एक वही ठेवण्यास खर्च काहीच येत नाही. आज कॉमिक्सवर लिहिता आले, तर उद्या पाठ्यपुस्तकावर, वर्तमानपत्रावर आणि निवडणुकीच्या जाहीरनाम्यावरही लिहिता येईल.

पालकहो, आपल्याला एक विनंती. अमेरिकेतील त्या जुन्या नियमावलीचा शिक्का मार्व्हलने २००१ मध्ये आणि डीसीने २०११ मध्ये सोडून दिला. आता काही अंक लहानांसाठी असतात, तर काही स्पष्टपणे मोठ्यांसाठी. म्हणून मुलाच्या हातून एखादा अंक काढून घेण्याची वेळ येऊ शकते आणि तो आपला हक्कच आहे. पण आधी तो स्वतः वाचा. त्याला अर्धा तासही लागत नाही. मग मुलाला शेजारी बसवून सांगा की हा अंक मी वाचला आणि या कारणासाठी तुला तो आता देत नाही. त्यावर तो जे बोलेल ते पूर्ण ऐकून घ्या. त्याचे म्हणणे पटले नाही तर तसे सांगा, पटले तर अंक परत द्या. घरात कारण देण्याची रीत असेल, तर बाहेर गेल्यावर ते मूल कोणाचीही गोष्ट कारणाशिवाय मानणार नाही आणि कारणाशिवाय नाकारणारही नाही.