आधीं नोकरी, मग बिऱ्हाड



मॅट्रिकनंतर मास्तरकी पत्करून सारा जन्म सोलापुरांत काढलेल्या माणसानें परगांवीं नोकरी कशी शोधावी यावर बोलावें, हें पोहतां न येणाऱ्यानें काठावरून सूचना देण्यासारखें आहे. परंतु गुरुजींच्या वाट्यास एक काम न मागतां येतें. शेजारींपाजारीं कोणास परगांवचें पत्र आलें कीं तें वाचून दाखवावयाचें, आणि "जाऊं कां?" या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें. अशीं उत्तरें मीं पुष्कळ दिलीं. त्यांतलें एक साफ चुकलें, आणि आजचें भाषण त्या चुकीवरूनच सुचलें आहे.

आमच्या शहरास हा विषय नवा नाहीं. १८६० सालीं आगगाडी येथवर आली. १८७७ सालीं शेठ मोरारजी गोकुळदास यांनीं कापडाची गिरणी काढली. तीच पुढें 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. मागाहून आणखी गिरण्या निघाल्या, हातमाग आणि यंत्रमाग वाढले, आणि तेलंगणांतील पद्मशाली विणकरांचीं कुटुंबें येथें येऊन स्थायिक झालीं. पुष्कळ लोक मला विचारतात, "घोंगडी खांद्यावर टाकून निघालेल्या त्या माणसांना कोणीं नेमणुकीचें पत्र दिलें होतें?" प्रश्न अर्धाच बरोबर आहे. त्यांच्याजवळ कागद नव्हता, पण माणूस होता. चुलता किंवा मेहुणा आधीं आलेला असे. त्याच्या ओसरीवर नवख्याचें अंथरूण पडे आणि तोच त्याला गिरणींतल्या जॉबरापुढें उभा करी. पहिले कांहीं महिने बदलीवर काढावे लागतील, रोज सकाळीं गिरणीच्या दारांत उभें राहावें लागेल, आणि जॉबराचा हातहि ओला करावा लागेल, हें सारें त्याला गांवीं असतांनाच कळलेलें असे. मुंबईच्या गिरणगांवांत तर एकाच गांवच्या मंडळींनीं मिळून घेतलेल्या खोल्या असत, आणि पगार होईपर्यंत खानावळवाली उधारीवर जेवूं घाली.

त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आतां आमचीं मुलें पुण्यास जातात. कोणी चाकणच्या कारखान्यांत, कोणी हिंजवडीस संगणकाच्या कामावर, कोणी रुग्णालयांत. जॉबर गेला त्याचें दुःख नाहीं, पण बहुतेकांच्या वाट्यास ती ओसरीहि राहिली नाहीं. त्या जागीं मोबाईलवर येणारा निरोप आहे, आणि तो पाठविणाऱ्याचें तोंड कोणीं पाहिलेलें नसतें.

सात-आठ वर्षांपूर्वीं पूर्वभागांतील एक यंत्रमाग कामगार संध्याकाळीं माझ्याकडे आला. त्याचा मुलगा नुकताच पदवीधर झाला होता, आणि पुण्याच्या एका कंपनींत नेमणूक झाल्याचें इंग्रजी पत्र बापाच्या हातांत होतें. "गुरुजी, तुम्हीच वाचा. तुम्ही बरोबर म्हणालां तर पैसे भरतों." मीं चष्मा लावून वाचलें. हुद्दा होता, पगार होता, गोल शिक्का होता. शेवटीं, पंधरा हजार रुपये अनामत आठ दिवसांत भरावी, रुजू झाल्यावर ती परत मिळेल, असें लिहिलें होतें. पत्रांत एका शब्दाचें स्पेलिंग चुकलें होतें. जन्माच्या खोडीप्रमाणें मीं त्याखालीं पेन्सिलीनें रेघ ओढली आणि म्हणालों, "पत्र ठीक आहे." स्पेलिंगाची चूक मला दिसली; नोकरी देणारा नोकरीच्या आधीं पैसे मागतो आहे, हें दिसलें नाहीं!

त्याच्या बायकोनें विड्या वळून केलेली बोरमाळ सराफाकडे गहाण पडली. मुलगा वळकटी घेऊन पुण्यास उतरला. पत्रावरच्या पत्त्यावर कपड्यांना इस्त्री करण्याचें दुकान होतें. तो परत आला नाहीं. "रुजू झालों" एवढें घरीं कळवून त्यानें दोन महिने एका खानावळींत ताटें उचललीं, कारण इकडे गल्लींत पेढे वाटून झाले होते. पुढें सारें उघडकीस आलें, तेव्हां बाप मला एक शब्दहि बोलला नाहीं. बोलला असता तर मला बरें वाटलें असतें.

तरीहि माझें मत असेंच आहे कीं, आधीं नोकरी पाहावी आणि मग बिऱ्हाड हलवावें. पुण्यांत खोलीसाठीं घरमालक अनामत मागतो, आगाऊ भाडें मागतो, आणि पुष्कळदां "काम कोठें करतां?" हेंहि विचारतो. नोकरीशिवाय गेलेल्या उमेदवाराचे पैसे महिन्याभरांत सरतात. मग पगार ठरवितांना त्याची भूकच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. परगांवचे अर्ज कित्येक मालक बाजूस ठेवतात, हें मला ठाऊक आहे. पण "अमुक तारखेस हजर होईन" असें अर्जांतच स्पष्ट लिहिलें, आणि पहिली मुलाखत मोबाईलवर देण्याची तयारी दाखविली, तर ती अडचण पुष्कळशी कमी होते.

मात्र आधीं हातांत पडलेला कागद किंवा पैसा म्हणजे नोकरी नव्हे. आपल्याच जिल्ह्यांतील साखर कारखान्यांकडे पाहा. बीडकडून ऊसतोडणीस येणारें जोडपें, ज्याला त्या धंद्यांत 'कोयता' म्हणतात, घर सोडण्याआधींच मुकादमाकडून उचल घेतें. त्याचें काम ठरलेलें, ठिकाण ठरलेलें. तरी हंगामाअखेर उचल फिटली नाहीं, तर पुढचा हंगामहि त्याच मुकादमाकडे काढावा लागतो. माझ्या विद्यार्थ्याकडून पैसे घेतले, या जोडप्यास दिले. हिशेब दोघांच्याहि हातीं नव्हता.

म्हणून आतां माझ्याकडे कोणी पत्र घेऊन आला, कीं मी इंग्रजी तपासीत नाहीं. नेमणूक कंपनीची कीं कंत्राटदाराची? कापून हातीं किती येणार? वीस किंवा अधिक माणसें असलेल्या ठिकाणीं सामान्यतः भविष्य निर्वाह निधि कापला जातो. तो कोणाच्या नांवें भरला जाईल, एवढें विचारलें कीं खरा मालक कोण तें बाहेर पडतें. 'शिकाऊ उमेदवार' असा हुद्दा असेल तर ती नोकरी नव्हे, १९६१ च्या कायद्याखालील शिक्षण आहे. विद्यावेतन मिळतें, पण करारांत तसें लिहिलेलें नसेल तर मुदतीनंतर ठेवून घेण्याचें बंधन मालकावर नसतें. आणि सर्वांत महत्त्वाचें, जागा डोळ्यांनीं पाहून यावी. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं गेलेल्या आपल्या चार वीरांच्या स्मरणार्थ जिचें नांव ठेवलें आहे, ती हुतात्मा एक्सप्रेस सकाळीं सोलापुराहून सुटते आणि रात्रीं परत येते. मधला सारा दिवस पाहण्यास मोकळा असतो.

गेल्या वर्षीं त्याच घरांतील धाकट्या मुलीस पुण्याच्या एका रुग्णालयांत परिचारिकेची जागा देऊं केली गेली. बाप पुन्हा माझ्याकडे आला. हें मला अपेक्षित नव्हतें. "पत्र मागाहून वाचूं. आधीं पोरगी बघून येऊं दे," तो म्हणाला. भाऊ आतां पुण्यास एका गोदामांत हिशेबाच्या कामावर आहे. तोच तिला घेण्यास स्टेशनवर आला. ती रात्रीं परतली आणि दुसऱ्या दिवशीं वही घेऊन माझ्यापुढें बसली. पगार, कापणी, पाळ्यांच्या वेळा, वसतिगृहाचें भाडें, तेथें पाणी केव्हां येतें, रात्रपाळीनंतर बस मिळते कीं नाहीं, हें सर्व तिनें उतरून आणलें होतें. तिसऱ्या ओळींत एक ऱ्हस्वदीर्घाची चूक होती. मीं पेन्सिल खिशांतून काढली नाहीं.