गिधाडाचं कूळ कोणतं?



श्रावणात आपण येडशीच्या रामलिंगाला जातो. दर्शन झालं की वर आभाळाकडे बघतो. एखादी घार गरगर फिरत असते. पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडेही अशीच फिरत खाली उतरायची. बघता बघता नुसता सापळा उरायचा.

आज आपण पाखरांच्या कुळांविषयी बोलू. माणसाला आपण आडनाव विचारतो, मूळ गाव विचारतो. पाखराला कसं विचारणार? म्हणून जाणकार लोक त्याची चोच, पाय, हाडे, घरटे आणि अंडी बघतात. अलीकडे रक्तही तपासतात. आईबापांकडून पिलाला जे गुण येतात, त्यांची खूण रक्तात सापडते. अशा जवळच्या नात्यातल्या जाती मिळून एक कूळ होते. आपलं गिधाड, घार आणि गरुड ही एकाच कुळातली आहेत.

आता समुद्रापलीकडे अमेरिकेत चला. तिथेही गिधाडे आहेत. डोके बोडके, पंख रुंद, खाणे मेलेल्या जनावराचे. बघणारा म्हणेल, ही आपल्याच गिधाडाची भावंडं! पण तसं नाही. त्यांचे कूळ निराळे. त्यात सातच जाती आहेत. आपल्या गिधाडाच्या दोन नाकपुड्यांमध्ये पडदा असतो. त्यांना तो नसतो. एका बाजूने बघितलं तर आरपार दिसतं. आपली गिधाडे काटक्यांचे घरटे करतात. ती घरटे करीत नाहीत; कपारीत, नाहीतर पोकळ खोडात अंडी घालतात. मग रूप सारखं कसं? दोघांचं काम एक, म्हणून रूपही एकासारखं घडत गेलं.

तुम्ही म्हणाल, हे कळून आम्हांला काय उपयोग? तेही ऐका.

१९९० नंतर आपली गिधाडे भराभर मरू लागली. १९९२ साली पांढऱ्या पाठीची गिधाडे १००० होती असे धरा. २००७ साली त्यांतले एकच उरले! काय झालं होतं? गुरांच्या दुखण्यावर, सुजेवर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत. ते दिल्यावर जनावर लगेच मेले तर औषध मांसात राही. ते मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई आणि ते मरे.

तेच औषध शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तांबड्या डोक्याच्या गिधाडाला देऊन पाहिले. आपलं गिधाड ज्या मात्रेने मरते, तिच्या कितीतरी पट दिले. त्याला काही झालं नाही! रूप सारखं, पण कूळ निराळं आणि अंगाचा गुणही निराळा. म्हणून नुसतं रूप बघून भागत नाही.

२००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीचे मात्र दुकानात मिळते. ते आणून बैलाला टोचू नका. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध आहे. त्याने गुराचे दुखणे कमी होते आणि गिधाडाला अपाय होत नाही.

गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेली गिधाडे लवकर भरून येत नाहीत. म्हणून गुराला दवाखान्यात नेलं की एवढं विचाराच, “डॉक्टरसाहेब, हे औषध गिधाडाला चालतं का?”