एका वाडग्यातला चहा

(वर्षावास व्याख्यानमालेत बोईसर येथे केलेल्या भाषणावरून)



आम्ही बँकेतले कारकून. दिवसभर नोटा मोजायच्या आणि पासबुके भरून द्यायची. अशा माणसाने जपानी पुष्परचना आणि चहाविधी यांवर बोलावे ही जरा गंमतच आहे. पण पालघरला कलाशाखेत शिकत असताना आम्ही या दोन्ही गोष्टी शिकायला जात होतो हे कार्यकर्त्यांना कळले आणि त्यांनी आग्रहच धरला.

सुरुवात एका सहा डिसेंबरला झाली. चैत्यभूमीला अभिवादन करून आम्ही तिघे मित्र वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात गेलो. तिथल्या हातढोलाचा ठेका डोक्यात बसला. पुढे मुंबईत एक जपानी बाई रविवारी इकेबानाचा वर्ग घेतात असे समजले. बोईसरहून शटलने विरार आणि तिथून लोकल. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. आमच्या वेळी शटल चुकली की वर्ग चुकला.

इकेबानाचे मूळ बुद्धापुढे फुले वाहण्यात आहे. क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरातील भिक्खूंनी ही परंपरा वाढवली. त्यांपैकी इकेनोबो सेनकेई यांच्या रचनेचा उल्लेख १४६२ सालच्या नोंदीत सापडतो. आम्हाला शिकवलेल्या पद्धतीत मुख्य काड्या तीनच. भांड्याची रुंदी आणि खोली यांच्या बेरजेच्या दीडपट पहिली, तिच्या पाऊणपट दुसरी, दुसरीच्या पाऊणपट तिसरी. पहिली जवळजवळ उभी, दुसरी पंचेचाळीस अंशांत कललेली, तिसरी त्याहून खाली. देठ पाण्यात बुडवून कापायचा, म्हणजे त्यात हवा शिरत नाही आणि फूल जास्त टिकते. फुले रोवायला खिळ्यांची जड चकती लागते, तिला केन्झान म्हणतात. ती महाग, म्हणून तारापूर एमआयडीसीत कामाला असलेल्या मित्राने लोखंडी पत्र्यावर खिळे जोडून दिले. आठ दिवसांत पाणी तांबडे झाले! झेंडूच्या माळांनी मखर झाकून टाकणाऱ्या आम्हाला एक लव्हाळे आणि एक कोरांटीचे फूल पुरे होते, हे पटायला वर्ष गेले. बाई रागावत नसत. जास्तीची फुले फक्त मुकाट्याने काढून ठेवत.

दुसऱ्या वर्षी त्यांनी चहाविधी दाखवला. एइसाई या भिक्खूने ११९१ साली चीनहून चहाचे बी जपानला आणले असे मानतात. ध्यानाला बसलेल्या भिक्खूंना झोप येऊ नये म्हणून चहा उपयोगी पडे. ‘झेन’ हा शब्द आपल्या ‘ध्यान’वरूनच चीनमार्गे तिकडे गेला. विधीला आजचे रूप दिले सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी. साधी खोली, ओबडधोबड मातीचा वाडगा, भिंतीशी एखादे रानफूल. खोलीत शिरायची खिडकीवजा वाट जेमतेम सव्वादोन फुटांची. सरदार असो की व्यापारी, वाकून, गुडघ्यांवर सरकतच आत यायचे. तलवार बाहेर ठेवायची.

आत गेल्यावर दाट चहाचा एकच वाडगा सगळ्या पाहुण्यांत फिरतो. एकाने प्यायचे, कड पुसायची आणि शेजाऱ्याकडे द्यायचे.

हे पाहताना आमच्या मनात काय आले असेल, ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पण त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आमच्या वडिलांच्या तरुणपणी, गावातल्या चहाच्या दुकानात आपल्या माणसांची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असे. चहा वरून ओतायचे. पिऊन झाल्यावर कप आपणच विसळून परत खोचायचा. पैसे मात्र तेवढेच!

विद्यार्थ्यांनी यावरून जपान म्हणजे समतेचा स्वर्ग असे समजू नये. तिथेही बुराकुमिन म्हणून एक बहिष्कृत समाज होता. १८७१ साली त्याचा हीन दर्जा कायद्याने रद्द झाला, तरी लग्न आणि नोकरीत भेदभाव राहिला. खुद्द रिक्यूंना सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमावरून आत्महत्या करावी लागली. त्या खोलीतली समता बहुधा खोलीपुरतीच राहिली. तरी कोणीतरी ती एका खोलीत तरी बांधून दाखवली, हे आम्हाला लहान वाटत नाही.

घरी आम्ही एकदाच तो प्रयोग केला. जपानी हिरवी पूड कुठली मिळणार! आपलाच चहा, दुधाशिवाय, मातीच्या वाडग्यात. आई, वडील, आम्ही तिघे मित्र आणि शेजारच्या वारली काकू चटईवर गोल बसलो. काकूंनी एक घोट घेऊन तोंड वाकडे केले आणि साखर मागितली. वडिलांची पाळी आली. त्यांनी दोन्ही हातांनी वाडगा धरला, घोट घेतला आणि उठून मोरीकडे चालू लागले. आम्हाला आधी कळेचना. ते वाडगा विसळायला निघाले होते. आम्ही म्हटले, “बाबा, यात भांडे यजमान धुतो. तुम्ही फक्त पुढे द्यायचे.”

ते मोरीच्या दाराशी जरा वेळ उभे राहिले. मग परत येऊन बसले, धोतराच्या सोग्याने कड पुसली आणि वाडगा आईच्या हातात दिला.

जयभीम.