क्रमांकावरून उत्पादनाचा हिशेब : जुन्या जर्मन रायफली आणि नाशिकरोडच्या नोटा

जर्मन साम्राज्याच्या सैन्याने 1898 साली स्वीकारलेल्या माउझर पद्धतीच्या रायफलीवर, म्हणजे गेवेर 98 वर, तीन गोष्टी ठशाने उमटवलेल्या असतात : कारखान्याचे नाव, साल आणि क्रमांक. श्पांडाऊ, डान्झिग, एरफुर्ट आणि आम्बेर्ग येथील सरकारी शस्त्रागारे, ओबेर्नडोर्फचा माउझर कारखाना आणि बर्लिनमधील डीडब्ल्यूएम ही कंपनी, असे तिचे मुख्य उत्पादक होते. पहिल्या महायुद्धात आणखी खासगी कारखाने त्यांना येऊन मिळाले. यांपैकी कोणी कोणत्या साली किती रायफली केल्या, याचे उत्तर कागदावर मिळणे अवघड झाले आहे. एप्रिल 1945 मध्ये पॉट्सडामवर बॉम्बहल्ला झाला आणि प्रशियाच्या सैन्याचे दफ्तर त्यात जळाले. उरल्या त्या रायफली. त्यामुळे त्यांच्यावरचा क्रमांक हाच आता कारखान्याच्या हिशेबाचा कागद मानावा लागतो.

क्रमांकावरून एकूण संख्या काढण्यामागचा विचार साधा आहे. बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांना सकाळी 1 पासून पावत्या दिल्या जातात असे समजा. आवारात सहज भेटलेल्या पाच गाड्यांच्या पावत्यांचे क्रमांक 14, 33, 52, 71 आणि 90 निघाले. म्हणजे किमान 90 गाड्या आल्या, हे नक्की. पण नेमकी शेवटचीच गाडी हाती लागली असेल, असे मानायला आधार नाही. शून्यापासून मोजले तर पाहिलेल्या क्रमांकांमधले अंतर सरासरी 18 आहे, तेव्हा 90 च्या पुढेही साधारण तेवढीच जागा राहिली असावी. सर्वांत मोठ्या क्रमांकात त्याच क्रमांकाला नमुन्यांच्या संख्येने भागून येणारा भागाकार मिळवायचा आणि एक वजा करायचा. 90 अधिक 18 वजा 1, म्हणजे 107. दुसऱ्या दिवशी पावत्या पुन्हा 1 पासून सुरू होतात, ही गोष्ट मात्र माहीत असायला हवी. दोन दिवसांच्या पावत्या एकत्र केल्या, तर सारा हिशेब चुकतो.

ही रीत दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आली. जर्मनी दरमहा किती रणगाडे तयार करतो, याचा दोस्त राष्ट्रांच्या हेरखात्याचा अंदाज ऑगस्ट 1942 साठी 1,550 होता. हाती लागलेल्या रणगाड्यांच्या सुट्या भागांवरील क्रमांकांचा अभ्यास करणाऱ्यांनी 327 हा आकडा काढला. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे उघडली तेव्हा प्रत्यक्ष संख्या 342 निघाली. रिचर्ड रगल्स आणि हेन्री ब्रॉडी यांनी 1947 मध्ये हे काम प्रसिद्ध केले. संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते आजही ‘जर्मन रणगाड्यांचा प्रश्न’ या नावाने शिकवले जाते.

रायफलींच्या बाबतीत सूत्र लावण्याआधीच खरी मेहनत असते. गेवेर 98 चा क्रमांक सहसा चार अंकांतच राहतो. प्रत्येक कारखाना दरवर्षी 1 पासून सुरुवात करी. पहिल्या दहा हजारांना अक्षर नसे. पुढच्या दहा हजारांच्या क्रमांकाखाली रोमन वर्णमालेतील ‘ए’ हे छोटे अक्षर येई, त्यापुढच्या दहा हजारांना ‘बी’, मग ‘सी’. महायुद्धाच्या काळात काही कारखान्यांची वर्णमाला वर्ष संपण्याआधीच संपली. तेव्हा ‘एए’, ‘बीबी’ अशी जोडअक्षरे वापरली गेली. हा नियम ठाऊक नसलेला माणूस 4200 हा आकडा पाहून ‘चार हजार दोनशेवी रायफल’ म्हणेल. खाली ‘सी’ असेल, तर ती त्या कारखान्याची त्या वर्षातली 34,200 वी ठरते, कारण तिच्याआधी अक्षराविना, ‘ए’ आणि ‘बी’ असे दहा हजारांचे तीन गट होऊन गेलेले असतात.

एखाद्या कारखान्याच्या एका सालातल्या नऊ रायफली नोंदल्या गेल्या आणि त्यांत हाच क्रमांक सर्वांत मोठा असला, तर सूत्राने 37,999 हे उत्तर येते. हे उत्तर एकटे सांगणे मात्र अपुरे आहे. नऊच नमुने असताना 95 टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण 47,700 पर्यंत जाते. नमुने 40 असते आणि सर्वांत मोठा क्रमांक तोच राहिला असता, तर अंदाज 35,054 आला असता आणि वरची मर्यादा 36,900 च्या आसपास थांबली असती. म्हणून नोंदवलेली प्रत्येक जादा रायफल मोलाची असते, मग ती गंजलेली असो की मोडक्या दस्त्याची. क्रमांक घासून धातू चकचकीत करणारा मालक आपल्याच वस्तूची साक्ष पुसून टाकतो, आणि हे नुकसान कधीच भरून येत नाही.

दुसरी अडचण नमुन्यांच्या निवडीची आहे. नमुने यदृच्छेने मिळाले, हे सूत्राचे गृहीतक आहे. जुन्या रायफली तशा क्वचितच मिळतात. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणले आणि लक्षावधी शस्त्रे मोडीत निघाली. त्याआधी, 1888 साली लष्करी समितीने आखलेल्या रायफली मोठ्या संख्येने तुर्कस्तानात आणि चीनमध्ये गेल्या होत्या. एखाद्या सालचा माल एकगठ्ठा परदेशी गेला आणि पुढे तिथूनच बाजारात आला, तर जवळजवळचे क्रमांक ढिगाने दिसतात आणि बाकीची जागा रिकामी वाटते. अशा वेळी प्रत्येक नमुना कुठून आला, हेही क्रमांकाइतक्याच काळजीने लिहून ठेवावे लागते. मधले एखादे अक्षर कारखान्याने गाळले असेल, तर एका फटक्यात दहा हजारांचा फरक पडतो. शिवाय दुरुस्तीत एका रायफलीचा बोल्ट दुसरीला बसवलेला असतो, तेव्हा रिसीव्हरवरचाच क्रमांक धरावा आणि बोल्टवरचा वेगळा टिपावा, हे बरे.

क्रमांक ओळखीसाठीही असतो, आणि त्या अंगाने तो भारतीयांच्या इतिहासातही आला आहे. 26 ऑगस्ट 1914 रोजी कलकत्त्यात रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून 50 माउझर पिस्तुले आणि 46,000 काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्यांची यादी कंपनीकडे होती. त्यामुळे पुढे बंगालमध्ये सापडलेले पिस्तूल त्याच पन्नासांतले की नाही, हे पोलिसांना ठरवता येई.

उत्पादन मोजण्याचे जवळचे उदाहरण मात्र शस्त्रांचे नाही, नोटांचे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या बाजारात हातोहात फिरणाऱ्या नोटांपैकी कित्येक याच जिल्ह्यात, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापलेल्या असतात. तिथे 1928 मध्ये पंचम जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची नोट छापली गेली. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. नोटेवरचा सहा अंकी क्रमांक हा जर्मन रायफलीच्या चार अंकांसारखा आणि त्याआधीचा प्रिफिक्स हा अक्षरासारखा काम करतो. एका प्रिफिक्सखाली साधारण दहा लाख नोटा मावतात. जुन्या नोटांचे संग्राहक म्हणूनच प्रिफिक्सच्या याद्या करतात. सहाव्या जॉर्जच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून आधी जेम्स टेलर यांची आणि 1943 नंतर चिंतामणराव देशमुखांची सही आहे. कोणत्या सहीखाली कोणते प्रिफिक्स दिसतात, यावरून त्या सहीच्या नोटांची संख्या किती लाखांत असावी, हे बांधता येते. चलनातून परत आलेल्या नोटा नष्ट केल्या जातात, म्हणून इथेही उरलेल्या नोटांचे प्रमाण आणि छापलेल्या नोटांची संख्या या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

आजच्या नोटांत दोन बारकावे आहेत. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी 2006 पासून ‘स्टार’ मालिकेची नोट घातली जाते. प्रिफिक्स आणि क्रमांक यांच्यामध्ये तारा असतो. त्यामुळे शंभराच्या गड्डीत क्रमांकांची साखळी तुटलेली दिसू शकते, आणि तारांकित नोटा मूळ मालिकेत धरल्या तर मोजणी बिघडते. दुसरा बारकावा सालाचा. 2005 पासून नोटेच्या मागच्या बाजूला छपाईचे साल असते, आणि रिझर्व्ह बँक पुरवठा झालेल्या नोटांचे आकडे मूल्यानुसार वार्षिक अहवालात देते. क्रमांकांवरून काढलेला अंदाज त्या आकड्यांशी ताडून पाहता येतो, ही जर्मन रायफलींच्या अभ्यासकाला न मिळणारी सोय आहे. मात्र 2020 पर्यंत बँकेचे हिशेबाचे वर्ष जुलै ते जून होते, पुढे ते एप्रिल ते मार्च झाले. नोटेवरचे साल त्यांपैकी कोणत्याच वर्षाशी जुळत नाही. तेव्हा एका सालच्या नोटांची तुलना अहवालातल्या लागोपाठच्या दोन वर्षांशी करावी लागते.