किल्मेनहॅमचा तुरुंग आणि आपली एक जुनी वही
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला "आयर्लंडची सहल" असा विषय दिला आणि वर सांगितलं, की काका, फार इतिहास नको. फोटो दाखवा, थोडे विनोद करा. फोटो शेवटी दाखवतो. विनोद करायचा प्रयत्न करतो. इतिहासाचं मात्र माझ्या हातात नाही, कारण त्या देशात इतिहास चुकवून चालताच येत नाही.

आमची मुलगी आणि जावई डब्लिनला असतात. 2018 च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिथे महिनाभर राहिलो. पहिला आठवडा सगळे करतात तेच केलं. पश्चिमेच्या कड्यांवर वाऱ्याने छत्री उलटवून घेतली, ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' पाहिलं. इसवी सन 800 च्या आसपासची ही बायबलच्या शुभवर्तमानांची पोथी वासराच्या कातड्यावर हाताने लिहिलेली आहे. काचेखाली दोन पानं उघडी असतात आणि मागे रांग उभी असते. खरं सांगायचं तर पोथीपेक्षा तिथल्या पासष्ट मीटर लांबीच्या जुन्या ग्रंथालयाचा दालनभर पसरलेला वासच मला जास्त आवडला. (पुढे जतनाच्या कामासाठी तिथली पुस्तकं हलवायला सुरुवात झाली, असं मुलीने कळवलं. आम्ही वेळेवर गेलो म्हणायचं.)

न्यूग्रेंजबद्दल मात्र दोन मिनिटं जास्त घेतो. डब्लिनच्या उत्तरेला गवताने झाकलेला एक प्रचंड गोल ढिगारा आहे. त्याच्या पोटात एकोणीस मीटर लांबीचा दगडी बोळ आणि टोकाला एक गाभारा. बांधकाम इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमाराचं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनं. दाराच्या वर एक छोटा झरोका आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, 21 डिसेंबरच्या आसपास, उगवत्या सूर्याची तिरीप त्या झरोक्यातून आत शिरते आणि सतराएक मिनिटं गाभारा उजळतो. मायकेल ओ'केली या पुरातत्त्वज्ञाने 1967 साली हे आत बसून पाहिलं. त्या दिवसासाठी सोडत निघते. आम्हाला मे महिन्यात विजेच्या दिव्यावर तोच देखावा दाखवला. आमच्या सौ. माहेरच्या कोल्हापूरच्या. त्या अंधारात हळूच म्हणाल्या, "किरणोत्सव!" अंबाबाईच्या पायाशी येणारं मावळतीचं ऊन ज्यांनी पाहिलंय, त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको.

आता आपल्या कोलकात्याकडे वळतो, कारण डब्लिनमध्ये हे शहर मला पावलोपावली भेटलं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मुली लोरेटोत शिकल्या, आमचीही शिकली. त्या आयरिश नन्स 1841 च्या डिसेंबरअखेर कलकत्त्यात उतरल्या. त्यांचा मूळ मठ डब्लिनच्या रॅथफार्नम या भागात. मदर तेरेसा 1928 साली इकडे येण्याआधी इंग्रजी शिकायला तिथेच राहिल्या होत्या. तो मठ 1999 साली बंद झाला, तेव्हा आम्ही बाहेरूनच पाहून परतलो. मुलगी फाटकाशी जरा जास्तच वेळ रेंगाळली.

त्याच रॅथफार्नममध्ये पॅट्रिक पिअर्स यांची शाळा होती. आता तिथे संग्रहालय आहे. आयरिश भाषा, आयरिश कथा मुलांच्या तोंडी बसाव्यात म्हणून या गृहस्थाने ती काढली. पैशाची कायम ओढाताण. 1913 च्या मे महिन्यात डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये या शाळेच्या मदतीसाठी खेळ लागला, त्यात एक नाटक पिअर्स यांचं आणि दुसरं रवींद्रनाथांचं 'डाकघर'. राजाच्या पत्राची वाट पाहणारा तो आजारी अमल तिकडे डब्लिनमध्ये खिडकीशी बसला होता! आणि तीनच वर्षांनी, 24 एप्रिल 1916 ला, हेच पिअर्स थिएटरपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या खऱ्या डाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. ते जीपीओ मी पाहिलं. खांबांवर गोळ्यांच्या खुणा आहेत. मी आत जाऊन तिकिटं घेतली, जशी आपल्या डलहौसीच्या जीपीओत घेतो तशी.

आणखी एक गोष्ट, आपण बाप्पासमोर बसलो आहोत म्हणून. त्याच एप्रिल 1916 मध्ये लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली. 'होमरूल' हा शब्द आयरिश चळवळीतूनच आलेला.

डब्लिनचा उठाव आठवडाभरात मोडला. पुढाऱ्यांना नेलं किल्मेनहॅमच्या तुरुंगात.

हा तुरुंग 1796 साली सुरू झाला. जुन्या भागात बोळ अरुंद आणि थंडी हाडात शिरणारी, मे महिना असूनही. 1845 ते 1852 या काळात बटाट्यावर रोग पडून दुष्काळ झाला. ऐंशी लाखांच्या देशात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली, आणि धान्य मात्र बाहेर जातच होतं. त्या वर्षांत एकेकट्यासाठी बांधलेल्या कोठडीत पाच-पाच जण कोंबलेले असत. आत निदान जेवण मिळतं म्हणून माणसं मुद्दाम गुन्हे करत. पाव चोरणारी मुलंसुद्धा इथे होती. 1943 चं पंचाशेर मन्वंतर पाहिलेले आपले एक शेजारी होते, त्यांना मी परत आल्यावर हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आयर्लंडच्या त्या दुष्काळासाठी परदेशातून आलेल्या पहिल्या मदतीत कलकत्त्यात जमलेली वर्गणी होती, हे मात्र ऐकून त्यांना बरं वाटलं.

तुरुंगाच्या छोट्या चॅपलमध्ये 3 मे 1916 च्या रात्री जोसेफ प्लंकेट आणि ग्रेस गिफर्ड यांचं लग्न लागलं. दोघांना पहारेकऱ्यांच्या समोर दहा मिनिटं मिळाली. पहाटे त्याला गोळ्या घातल्या. पुढे खडी फोडायचं उंच भिंतींचं आवार लागतं. तिथे त्या मे महिन्यात चौदा जणांना मारलं. आदल्या पहाटे पॅट्रिक पिअर्स, दुसऱ्या पहाटे प्लंकेटबरोबर त्याचा धाकटा भाऊ विली. मला चापेकर बंधू आठवले. जेम्स कॉनली इतके जखमी होते की उभं राहता येईना, म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून गोळ्या घातल्या. त्या आवारात दोन साधे क्रूस आहेत. तिथे कुणी फोटो काढताना हसत नाही.

पण मित्रहो, मला जे सांगायचं आहे ते यापुढचं आहे.

स्वातंत्र्य मिळता मिळता आयरिश लोक आपसात भांडले. इंग्रजांशी केलेला तह मान्य की नाही, यावरून यादवी झाली. भाऊ भावाच्या विरुद्ध गेला. 17 नोव्हेंबर 1922 ला याच तुरुंगात चार तरुणांना गोळ्या घातल्या गेल्या आणि या वेळी हुकूम आयरिश सरकारचा होता. ग्रेसही 1923 साली इथे कैदी होती. 1924 मध्ये तुरुंग बंद झाला आणि पस्तीसेक वर्षं पडून राहिला. छप्पर कोसळलं, आत झाडं उगवली.

तो वाचवला कुणी? लॉरकन लेनर्ड नावाच्या डब्लिनच्या एका तरुण इंजिनियरने. (इंजिनियर म्हटल्यावर मी ताठ बसलो.) त्याने माणसं जमवली. सरकारने वर्षाला एक पेनी भाड्याने तुरुंग त्यांच्या ताब्यात दिला आणि 1960 पासून गवंडी, सुतार, कारकून असे लोक सुटीच्या दिवशी येऊन फुकट राबले. अडचण एकच होती. त्यांच्यात यादवीतल्या दोन्ही बाजूंचे लोक होते. म्हणून त्यांनी ठरवलं, की इथे यादवीचा विषय काढायचा नाही. आधी छप्पर. 1966 मध्ये पहिलं दालन उघडलं ते राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरांच्या हस्ते, एकेकाळी इथेच कैदी असलेल्या माणसाच्या हस्ते! पुढे तुरुंग सरकारकडे गेला. आम्हाला हिंडवणाऱ्या गाइडने त्या चौघांचीही हकीकत सांगितली, 1916 वाल्यांची सांगितली त्याच आवाजात.

माझा नातू तिथल्या शाळेत आयरिश शिकतो. ट्राममध्ये पाट्या वाचून दाखवायचा. लोक बोलतात मात्र इंग्रजी. त्या दिवशी तुरुंगातून परतताना त्याने विचारलं, "आजोबा, तुमची आयरिश कुठली?" मी म्हणालो, "मराठी." तो म्हणाला, "मग तुमच्या मंडळाचं सगळं मराठीत लिहून ठेवलंय का?"

मी हो म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं.

इथल्या ज्येष्ठांना 1989 साल आठवत असेल. वर्गणीच्या हिशेबावरून आणि सभागृहाच्या जागेवरून आपलं मंडळ फुटलं. तीन वर्षं या शहरात आपले दोन गणपती बसले. पुढे समेट झाला आणि आपणही एक अलिखित करार केला, की तो विषय काढायचा नाही. ते योग्यच झालं. तसं नसतं केलं तर आज इथे आपण एकत्र बसलो नसतो. पण आपल्या कपाटात 1988 च्या इतिवृत्तानंतर एकदम 1992 चं इतिवृत्त आहे. मधली वही वाळवीने खाल्ली असं सगळे समजतात.

वाळवीने खाल्लेली नाही. ती वही मी घरी नेली होती. तिच्यात मी भर सभेत जे बोललो ते तेव्हाच्या चिटणीसांनी शब्दन् शब्द उतरवून ठेवलं होतं, आणि ते आपल्या मुलांनी वाचू नये असं मला वाटलं. ते चिटणीस आता हयात नाहीत. माझ्या बोलण्याचा रोख त्यांच्यावरच होता. तरी त्यांनी ते सुवाच्य अक्षरात, एक शब्दही न बदलता लिहिलं.

आयर्लंडहून आल्यावर ती वही मी माळ्यावरून काढली. पण इथे आणायला मला आणखी काही वर्षं लागली.

ती आज घेऊन आलो आहे. इथे टेबलावर ठेवतो. कापडी बांधणी सैल झाली आहे, पानं जपून उलटा. बेचाळिसाव्या पानापासून वाचायला लागा. शेवटी माझी सही आहे.

आता दिवे घालवा, फोटो दाखवतो.