लग्नगडी ते लाभार्थी



हे माहीम एकेकाळी तालुक्याचे ठिकाण होते. याच्या उत्तरेस, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत, लग्नासाठी कर्ज काढणारा वारली सावकाराकडे जन्मभर राबे. त्याला म्हणत ‘लग्नगडी’. शब्द मंगल, व्यवहार गुलामीचा! १९४५ साली किसान सभेच्या चळवळीत या प्रथेचे खरे नाव उघड उच्चारले गेले आणि वारल्यांनी वेठ नाकारली.

२००६च्या वनहक्क कायद्यापूर्वी वनजमीन कसणारा सरकारदप्तरी ‘अतिक्रमणदार’ होता. उद्या हुसकला जाणारा माणूस बांध कशाला घालील, आंबा कशाला लावील? नवे करून पाहण्याची उमेद हक्कदारालाच येते.

आज मात्र कार्यकर्त्यांच्या पत्रकांतही तोच शेतकरी ‘लाभार्थी’ होतो. हा शब्द टाकला पाहिजे. लाभार्थी उपकार मानतो. हक्कदार हिशेब मागतो.