खोबणीची मूठ आणि सुताराचा फर्मा

मराठी माणसाची सुरतेशी पहिली ओळख इतिहासाच्या पुस्तकात होते आणि ती लुटीची असते. १६६४ सालचा जानेवारी व १६७० सालचा ऑक्टोबर या दोन तारखा शाळकरी मुलालाही पाठ असतात. ज्या पेट्यापेटाऱ्यांतून ती संपत्ती ठेवलेली होती, त्या पेट्या कोणी घडविल्या असतील, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. श्रोतेहो, आज त्या पेट्यांच्या अनुषंगाने एका अगदी लहान वस्तूविषयी बोलावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे दाराच्या किंवा खणाच्या फळीत खोदलेली खोबणीची मूठ, आणि ती अचूक खोदता यावी म्हणून घरच्या घरी करावयाचा फर्मा.

सुरतेत आज लाखो मराठी माणसे राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रेल्वेने ती आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा येथे स्थिरावली. मागांवर व कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या या कुटुंबांची घरे ऐसपैस नसतात. दहा फूट रुंदीच्या खोलीत खाट, शिलाईयंत्र, देव्हारा आणि कपाट बसविल्यावर माणसाला वावरण्यास जेमतेम हातभर वाट उरते. अशा घरात कपाटाची बाहेर आलेली पितळी मूठ ही शोभेची वस्तू राहत नाही. ती येताजाता कमरेला लागते, तिच्यात साडीचा पदर अडकतो, आणि रांगते मूल उठून उभे राहताना नेमके कपाळ तिच्यावरच आपटते. दार सरकते असेल तर बाहेरची मूठ चालतच नाही. एक दार दुसऱ्याच्या मागे जाताना ती आडवी येते.

यावर सुतारकामात फार जुना उपाय आहे. मूठ बाहेर लावावयाची नाही, तर फळीतच बोटे शिरतील एवढी खोबण खोदावयाची. जेथे जागा कमी आणि हलवाहलव फार, तेथे हा उपाय आपोआप रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात छावणीछावणीने फिरणारे इंग्रज अधिकारी जी खणांची कपाटे बरोबर नेत, त्यांच्या पितळी मुठी फळीच्या पातळीत बुडविलेल्या असत. कारण साधे होते. बैलगाडीत किंवा गलबतात सामान एकावर एक रचले की जे बाहेर डोकावते तेच प्रथम मोडते.

गलबतांचा विषय निघाला की सुरतेचे नाव पुन्हा घ्यावे लागते. येथील गोदीत मुकादम असलेले लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईस नेले आणि पुढे त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांची परंपराच उभी केली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. जहाजाची कमानदार फासळी केवळ नजरेने कापीत नाहीत. आधी पातळ फळीचा पूर्ण आकाराचा साचा करतात आणि त्या साच्यावरून मोठे लाकूड आखतात. चूक व्हावयाचीच असेल तर ती पातळ फळीत होऊ द्यावी, हा त्यातला हिशेब.

खोबणीच्या मुठीलाही नेमका हाच हिशेब लागू पडतो. एखादा हौशी कारागीर पटाशी घेऊन एक खोबण खोदील आणि ती बरीही दिसेल. परंतु कपाटाला चार खण असले आणि चार खोबणी एकाखाली एक आल्या, की दोन मिलिमीटरांचा फरकही डोळ्यास खुपतो. शिवाय दार तयार झाल्यावर, म्हणजे सारे श्रम ओतल्यावर, ही खोबण खोदावयाची असते. पटाशी एकदा निसटली की डांगच्या जंगलातले पन्नास वर्षे वाढलेले सागवान क्षणात बाद होते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला अशी फळी दुसऱ्यांदा विकत घेणे जड जाते.

तेव्हा फर्मा करावा. आजकाल बहुतेक सुतारांपाशी विजेवर चालणारे राउटर असते. त्याच्या तळाला मधोमध एक लोखंडी बुश बसविता येते. पाते त्या बुशामधून खाली येते आणि बुश फर्म्याच्या कडेला घासत फिरते. येथे थोडे गणित आहे, आणि नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. बुशाचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर व पात्याचा १२ मिलिमीटर धरला, तर पात्याची धार फर्म्याच्या कडेपासून २ मिलिमीटर आत राहते. दोन्ही बाजू मिळून फरक ४ मिलिमीटरांचा. म्हणून ९० मिलिमीटर लांब व ३० मिलिमीटर रुंद खोबण हवी असेल, तर फर्म्याची खिडकी ९४ बाय ३४ मिलिमीटरची ठेवावी लागते.

ही खिडकी प्लायवूडमध्ये करवतीने कापण्याच्या भरीस पडू नये. ती कधीच सरळ येत नाही आणि कानशीने घासत बसावे लागते. त्याऐवजी १२ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवूडच्या ३०० मिलिमीटर लांब व ८० मिलिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या घ्याव्यात. त्याच प्लायवूडचे ३४ मिलिमीटर रुंद व १०३ मिलिमीटर लांब असे दोन तुकडे कापावेत. ते तुकडे दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन्ही टोकांशी सरसाने चिकटविले, की मधोमध ९४ बाय ३४ ची खिडकी आपसूक तयार होते. तिच्या कडा यंत्राने कापलेल्या सरळ कडाच असतात आणि कोपरे गुण्यात बसतात. वापरलेल्या बुशाचा गळा तळाखाली किती उतरतो ते आधी मोजावे. फर्म्याची जाडी त्याहून अधिक हवी, नाही तर बुश खालच्या लाकडावर टेकते आणि पुढे सरकतच नाही.

सरस वाळल्यावर खिडकीच्या दोन्ही मध्यरेषा पेन्सिलीने फर्म्यावर पार कडेपर्यंत ओढाव्यात. मग फर्म्याच्या खालच्या अंगाला, लांब मध्यरेषेपासून बरोबर ५० मिलिमीटरांवर, एक लाकडी पट्टी चिकटवावी. ही पट्टी दाराच्या कडेला टेकली की खोबणीचा मध्य प्रत्येक वेळी कडेपासून ५० मिलिमीटरांवरच येणार. डाव्या दारासाठी फर्मा जसा धरला तसाच तो अर्धा फिरवून उजव्या दारावर धरता येतो. दोन फर्मे लागत नाहीत. उंचीची रेघ दारावर ओढून तिच्यावर फर्म्याची आडवी मध्यरेषा जुळविली आणि दोन्ही टोके शिकंज्यांनी आवळली, की काम सुरू करण्यास हरकत नाही.

खोलीच्या बाबतीत संयम हवा. २५ मिलिमीटर जाडीच्या फळीत १५ मिलिमीटर खोल गेले तर मागे १० मिलिमीटर लाकूड उरते, आणि तेवढे पुरेसे असते. परंतु हे १५ मिलिमीटर एकदम खोदू नयेत. ५-५ मिलिमीटरांच्या तीन फेऱ्या कराव्यात. पाते किती खाली आणावयाचे हे ठरविताना फर्म्याची १२ मिलिमीटर जाडी मोजण्यास विसरू नये. अखेरच्या फेरीत पाते राउटरच्या तळापासून २७ मिलिमीटर खाली आलेले असले पाहिजे. खिडकीच्या आतील कडेने यंत्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे. तसे केले म्हणजे पात्याचा ओढा बुशाला कडेशी दाबून धरतो. उलट फिरविले तर यंत्र हातातून पुढे पळू पाहते. फेरी संपल्यावर कळ बंद करावी, पाते पुरते थांबू द्यावे आणि मगच यंत्र उचलावे. फिरते पाते घाईने उचलताना खोबणीचा काठ फाटल्याची उदाहरणे कोणताही सुतार सांगेल. बोटांविषयीची उदाहरणे तो सांगणार नाही, पण त्याच्या हाताकडे पाहिले की कळतात. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके हवेच. सागवानाची बारीक भुकटी अनेकांच्या घशाला व त्वचेला सोसत नाही.

ज्यांच्यापाशी राउटर नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही; किंबहुना फर्म्याची खरी गंमत हातकामातच आहे. खोबणीची चौकट प्रथम धारदार चाकूने आखावी, म्हणजे पटाशीने लाकडाचे तंतू रेघेबाहेर उचकटणार नाहीत. मग गिरमिटाच्या पात्यावर लाकडाचा ठोकळा अडकवून, १३ मिलिमीटरांपलीकडे ते शिरणार नाही अशी तजवीज करावी आणि आतले लाकूड भोके पाडून मोकळे करावे. उरलेल्या कडा सरळ उतरविण्यासाठी ४० मिलिमीटर उंचीचा, गुण्यात रंधलेला कठीण लाकडाचा ठोकळा रेघेवर आवळून बसवावा. पटाशीची सपाट पाठ त्या ठोकळ्याला चिकटवून खाली दाबली, की ती तिरपी जाऊच शकत नाही.

सरकत्या दाराला एवढे काम पुरे होते, कारण तेथे बोटांनी बाजूला रेटावयाचे असते. ओढून उघडण्याच्या खणाला मात्र सरळ भिंतीची खोबण उपयोगी नाही, बोटे निसटतात. तेथे वरच्या काठाच्या मागे लाकूड थोडे पोखरावे लागते. हे काम राउटरने केलेल्या खोबणीतही हातानेच करणे बरे. त्यासाठी ठोकळ्याचे तोंड सरळ न ठेवता ४० मिलिमीटर उंचीत ८ मिलिमीटर पुढे झुकेल असे रंधावे. ठोकळा असा आवळावा की त्याच्या तोंडाची खालची कड बरोबर काठाच्या रेघेवर येईल आणि वरची कड खोबणीवर झुकेल. त्या तोंडाला पाठ लावून पटाशी उतरविली की १५ मिलिमीटर खोलीला काठाच्या मागे ३ मिलिमीटरांची पकड मिळते. दिसावयास ही पकड काहीच नाही, पण भरलेला खण तिच्यावर सहज ओढला जातो. येथे मोगरी वापरू नये. हाताच्या दाबाने पातळ पातळ पापुद्रे काढावेत आणि शेवटी काठाची धार काचकागदाने मोडावी, नाही तर ती बोटांना काचते.

फर्मा वापरणारा तो कसला कारागीर, असे म्हणणारे लोक असतात. त्यांनी सुरतेचे सदेली काम पाहावे. ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे मुंबईस व सुरतेस आली असे मानतात. पेटीच्या झाकणावर ताऱ्यांची व षट्कोनांची इतकी बारीक नक्षी असते की पाहणाऱ्याला वाटावे, एकेक कण चिमट्याने बसविला असेल. प्रत्यक्षात हस्तिदंत, शिंग, लाकूड, कथील यांच्या त्रिकोणी कांड्या प्रथम नक्षीप्रमाणे जुळवून सरसाने एकजीव करतात, दोऱ्याने आवळून त्यांचा एक दांडा बनवितात आणि तो वाळल्यावर आडवा कापून पातळ चकत्या काढतात. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी. सारी एकाग्रता दांडा जुळविताना खर्ची पडलेली असते. कापताना फक्त हात स्थिर हवा. सुरतेच्या या कामाला कोणी कमी प्रतीचे म्हटलेले नाही. फर्म्यातही कौशल्य कमी होत नाही, ते फळीला हात लावण्याच्या आधीच खर्च होते एवढेच.

भारतात १९८६ साली देशी हस्तिदंताच्या व १९९१ साली आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि ती योग्यच होती. सदेलीच्या कारागिरांनी मग इतर साहित्यावर काम भागविले. अलीकडे या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तथापि हे काम करणारी कुटुंबे आता मोजकीच उरली आहेत. सुरतेतील ‘पेटीगरा’ हे आडनाव पेटी घडविणाऱ्यांचे, परंतु आडनाव टिकते म्हणून धंदा टिकतोच असे नाही.

अशा घरांतून आणि साध्या सुतारांच्या घरांतूनही एक गोष्ट नेहमी घडते. भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या दहावीस फळ्या असतात. कोणाला अर्धचंद्राची खाच, कोणाला मधोमध खिडकी, कोणाला तिरपे तोंड. त्यांचा अर्थ एकट्या म्हाताऱ्यालाच ठाऊक असतो. तो गेला की मुले त्या फळ्या काढतात, उलटसुलट करून पाहतात, आणि काही उमगत नाही म्हणून पहिल्या थंडीत पाणी तापविण्यासाठी चुलीत घालतात. त्यांचा दोष नाही. फळीवर काही लिहिलेलेच नसते.

म्हणून फर्मा तयार झाल्यावर, पहिली खोबण टाकाऊ तुकड्यावर खोदून मोजून पाहिल्यावर, आणि तो खिळ्याला टांगण्यापूर्वी, एक काम करावयाचे राहते. त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहावे: बुश १६, पाते १२, खोबण ९० बाय ३०, पाते तळापासून २७, कडेपासून मध्य ५०, सरकत्या दाराची मूठ. खाली साल घालावे. पेन्सिल पुसते, शाईने लिहून वर पॉलिशचा एक हात द्यावा.